हॉर्सशू बेंडला कोलोरॅडो नदी सरळ का गेली नाही?

तुम्ही विचारलंय, एवढा खडक कापायचाच होता तर नदीने सरळ कापायचा, हा घोड्याच्या नालेसारखा वळसा कशाला घातला? अमेरिकेत ॲरिझोनात हॉर्सशू बेंडच्या कड्यावर उभी होते तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

वळसा आधीचा आहे, दरी नंतरची. दरी नव्हती तेव्हा नदी जवळजवळ सपाट प्रदेशातून वाहायची. सपाटीवर नदी नागमोडी होते. वळणाचा बाहेरचा काठ खाते, आतल्या काठाशी गाळ टाकते. पुढे कोलोरॅडोचं पठार वर उचललं गेलं, उतार वाढला, पाण्याला जोर आला. पण बाजूला सरकायला आता वाव नव्हता. मग आहे त्याच वळणात नदी खाली खाली खोदत गेली. हे खोदकाम मुख्यतः गेल्या सुमारे 50 लाख वर्षांतलं. आज कड्यापासून पाणी जवळपास 300 मीटर खाली आहे.

खडक मात्र फार जुना. पायाखालच्या नावाहो वालुकाश्मात तिरक्या रेघा दिसतील, त्या अवश्य बघा. त्या म्हणजे सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्यांचे उतार! वाऱ्याने रचलेली वाळू तशीच्या तशी दगड झाली. फोटोच्या नादात हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, याची मला फार हळहळ वाटते.

पाण्याचा हिरवा रंग अलीकडचा. वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणात 1963 पासून पाणी अडवलं जातं आणि गाळ तिथेच बसतो. पूर्वी हे पाणी तांबडं असायचं. कोलोरॅडो, म्हणजे तांबडी, हे स्पॅनिश नाव त्यावरूनच पडलं.

जाणार असाल तर भल्या पहाटे नको, तेव्हा तळाशी सावली असते. नऊ-दहाच्या सुमारास नदी उजळते. येऊन-जाऊन अडीच किलोमीटरच चालायचं, पण ऊन कडक, पाणी बरोबर हवंच. पार्किंग पेज शहराच्या ताब्यात आहे, तिथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही. कठडा थोड्याच भागात आहे. बाकी ठिकाणी कडेपासून लांब राहा, वालुकाश्म ठिसूळ असतो.

आणि सरळ वाट नदी कधीच काढणार नाही असंही नाही. वळशाची दोन टोकं जिथे जवळ येतात तिथला खडक दोन्ही बाजूंनी झिजतोय. ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे लेक पॉवेलच्या काठी रिंकन नावाची जागा आहे, तिथे याच नदीने असा एक वळसा तोडून कोरडा सोडून दिलाय.