एव्हन्सव्हिलला शिकायला येतेस, तर बास्केटबॉलबद्दल आधी हे वाच

तू तीन गोष्टी विचारल्यास. सांगलीहून बारावी करून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ एव्हन्सव्हिलमध्ये मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय, पण या विद्यापीठाचं नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही, म्हणून बाबा काळजीत आहेत. ते बरं आहे का? माहिती काढायला जावं तर अभ्यासापेक्षा बास्केटबॉलच जास्त दिसतं, ते का? आणि तू स्वतः राज्यस्तरीय शालेय स्पर्धा खेळली आहेस, तर इथल्या संघात जागा मिळेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर उशिरा कळलं तर नुकसान होतं. संघात जागा मिळेल हे गृहीत धरून येऊ नकोस. आपल्याकडे कॉलेजच्या मैदानावर सूचना लागते, निवड चाचणी होते, चांगली खेळणारी मुलगी आत जाते. इथे तसं नाही. एव्हन्सव्हिलचे संघ एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, मिसूरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) खेळतात. मुलींच्या संघात बारा-पंधरा जणी असतात. प्रशिक्षकांनी त्यांना शाळेत असल्यापासून हेरलेलं असतं आणि बहुतेकींना शिष्यवृत्तीवर घेतलेलं असतं. शिष्यवृत्तीशिवाय संघात येणाऱ्याला वॉक-ऑन म्हणतात, आणि तो रस्ता फार अरुंद आहे.

तरी प्रयत्न करायचा असेल तर आत्ताच कर, इथे पोचल्यावर नाही. दोन मिनिटांच्या चकचकीत क्लिपा पाठवू नकोस. पूर्ण सामन्याचं चित्रीकरण पाठव; बॉल हातात नसताना तू काय करतेस ते प्रशिक्षकांना बघायचं असतं. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर (खेळण्याची पात्रता तिथे तपासतात) नाव नोंदव. तिथे नववीपासूनच्या गुणपत्रिका मागतात, त्या शाळेतून सही-शिक्क्यासह काढून ठेव. आणि एक गोष्ट आईबाबांना नीट समजावून सांग: ‘सांगलीत एखादं वर्ष इंजिनिअरिंग करू, मग जाऊ’ हा विचार खेळाच्या दृष्टीने महागात पडतो. कुठल्याही देशातल्या कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं की खेळण्याच्या पात्रतेचं पाच वर्षांचं घड्याळ चालू होतं. हे नियम सध्या वरचेवर बदलतायत, त्यामुळे विद्यापीठाच्या क्रीडा विभागातल्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियमांचं पालन बघणाऱ्या कार्यालयाला, ईमेल करून लेखी उत्तर घे. खेळाडूंना आता नावाचे आणि छायाचित्रांचे पैसे मिळतात असंही तुझ्या कानावर येईल. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असशील. कुणी असे पैसे देऊ केले तर इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय एका डॉलरलाही हात लावू नकोस. इथे व्हिसा गेला तर खेळही गेला आणि पदवीही गेली.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. पदवीचे विद्यार्थी जेमतेम दोन हजारांच्या आसपास, आणि तरी सगळीकडे बास्केटबॉल का? तू ज्या गावात चार वर्षं काढणार आहेस ते यावरूनच कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंडियाना राज्यात बास्केटबॉल हा शाळेपासूनचा खेळ आहे. १९५४ मध्ये मायलन नावाच्या खेड्यातल्या शाळेने, जिथे विद्यार्थी होते १६१, मोठमोठ्या शहरी शाळांना हरवून राज्याचं विजेतेपद घेतलं. आजही इथे कुठल्याही न्हाव्याच्या दुकानात बसलीस तर कुणीतरी तुला तो शेवटचा बास्केट सांगेल. त्याच काळात ओहायो नदीच्या काठच्या एव्हन्सव्हिलमध्ये एक लहानसं मेथडिस्ट कॉलेज राज्याबाहेर गाजू लागलं. पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक होते अराड मॅककचन. १९४६ ते १९७७ अशी ३१ वर्षं ते एकाच जागी राहिले, ५१४ सामने जिंकले. त्यांच्या संघाने कॉलेज डिव्हिजनचं, म्हणजे तेव्हाच्या लहान कॉलेजांच्या गटाचं, राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा घेतलं: १९५९, १९६०, १९६४, १९६५ आणि १९७१. त्या काळी अंतिम फेरीही याच गावात, रॉबर्ट्स स्टेडियममध्ये होत असे. १९६४–६५ च्या हंगामात तर २९ पैकी २९ सामने जिंकले. त्या वर्षीचा अंतिम सामना सदर्न इलिनॉयविरुद्ध जादा वेळेत गेला, आणि समोरच्या संघात वॉल्ट फ्रेझर होता, जो पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सचा तारा झाला. एव्हन्सव्हिलच्या बाजूने जेरी स्लोन. हे नाव बाबांना सांग. शिकागो बुल्सचा तो सुरुवातीचा खंदा खेळाडू, आणि पुढे युटा जॅझचा २३ वर्षं प्रशिक्षक. १९९७ आणि १९९८ मध्ये मायकेल जॉर्डनच्या बुल्ससमोर अंतिम फेरीत उभा होता तो संघ स्लोनचा. मॅककचन १९८१ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले.

जुने फोटो बघशील तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरेल: सगळीकडे बिनबाह्यांच्या जर्सी आणि एव्हन्सव्हिलचे खेळाडू मात्र टी-शर्टसारख्या बाह्यांच्या जर्सीत. ती मॅककचन यांची पद्धत. अजूनही कधीमधी संघ तशी जर्सी घालून उतरतो आणि स्टेडियममधली म्हातारी मंडळी उभी राहतात.

आणि मग १९७७. इथे येण्याआधी तुला हे माहीत असायलाच हवं. मॅककचन निवृत्त झाले, संघ त्याच वर्षी डिव्हिजन वनमध्ये गेला, बॉबी वॉटसन हे नवे प्रशिक्षक आले. चार सामने झाले होते. १३ डिसेंबरच्या संध्याकाळी, पावसात आणि धुक्यात, संघ टेनेसीमधल्या सामन्यासाठी डीसी-३ विमानाने नॅशव्हिलला निघाला. उड्डाणानंतर दीड मिनिटात विमान धावपट्टीजवळच्या टेकाडावर कोसळलं. २९ माणसं गेली, त्यात १४ खेळाडू आणि प्रशिक्षक वॉटसन. विमान उभं असताना वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून लावतात ते लॉक काढायचे राहिले होते, आणि मागच्या बाजूला सामानाचा भार जास्त होता, असं चौकशीत निघालं. संघातला एक मुलगा दुखापतीमुळे त्या विमानात नव्हता. दोन आठवड्यांत तोही मोटार अपघातात गेला. त्या हंगामातला एकही खेळाडू उरला नाही.

विद्यापीठाने खेळ बंद केला नाही. दुसऱ्या वर्षी डिक वॉल्टर्स यांनी शून्यापासून संघ उभा केला आणि १९८२ मध्ये, म्हणजे पाच वर्षांच्या आत, तो संघ एनसीएएच्या मुख्य स्पर्धेत पोचला. कॅम्पसवर या सगळ्यांच्या स्मरणार्थ एक चौक आहे. मधोमध दगडी बास्केटबॉल, त्यावरून सतत पाणी ओघळत असतं, आणि बाजूच्या दगडांवर नावं. विद्यार्थी त्याला रडणारा बास्केटबॉल म्हणतात. तुझ्या रोजच्या येण्याजाण्यात ती जागा असेल. तिथे बसून वाट्टेल त्या गप्पा मार, कुणी काही म्हणणार नाही, पण नावांच्या दगडांवर कॉफीचा कप ठेवू नकोस.

आता आजचं सांगतो, कारण जुन्या वैभवावर भाळून कुणी प्रवेश घेऊ नये. पुरुषांचा संघ सध्या बलाढ्य नाही. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी केंटकीच्या घरच्या मैदानात, रप अरेनात, देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या केंटकीला एव्हन्सव्हिलने ६७–६४ असं हरवलं. त्या रात्री गावात गाड्यांचे हॉर्न थांबत नव्हते. आणि त्याच हंगामात कॉन्फरन्सचे १८ च्या १८ सामने हरले. २०२२–२३ मध्ये ३२ पैकी ५ जिंकले. कॉन्फरन्समधल्या सर्वांत लहान संस्थांपैकी ही एक आहे, पैसा मोठ्या विद्यापीठांकडे आहे, आणि चांगला खेळाडू तयार झाला की तो हल्ली दुसरीकडे निघून जातो. फोर्ड सेंटर हे २०११ मध्ये गावाच्या मध्यभागी उघडलेलं स्टेडियम अकरा हजारांच्या आसपास माणसांचं; बहुतेक सामन्यांना बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसतील. तरी जी माणसं येतात ती येतातच.

बास्केटबॉलबाहेरही खेळ आहे, तो बघ. २०२४ मध्ये इथल्या बेसबॉल संघाने सुपर रिजनल, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या सोळा संघांची फेरी, गाठली आणि पुढे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या टेनेसीला एका सामन्यात हरवलं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली या विद्यापीठाची ती सगळ्यात मोठी कामगिरी, पण गावात चर्चा शेवटी बास्केटबॉलवरच येते. पुरुषांचा फुटबॉल, ज्याला इथे सॉकर म्हणतात, १९८५ आणि १९९० मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत होता. मुलींचे बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलचे सामने कॅम्पसवरच्याच मीक्स फील्डहाउसमध्ये होतात, आणि तू आधी तिथेच जावंस असं मला वाटतं. हॉल लहान आहे, कोर्टाच्या इतक्या जवळ बसता येतं की प्रशिक्षिका टाइमआउटमध्ये काय सांगते तेही ऐकू येतं. तुला खेळ कळतो, तुझ्यासाठी ती शिकवणीच आहे.

संघात नसलीस तरी खेळाच्या जवळ राहायचे रस्ते आहेत. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. क्रीडा विभागाला सामन्याची आकडेवारी नोंदवणारी, चित्रीकरण करणारी, तिकीट खिडकीवर बसणारी मुलं लागतात. विद्यार्थी मॅनेजर म्हणूनही घेतात: सरावाला घड्याळ सांभाळायचं, रिबाउंड करून बॉल परत द्यायचा, टॉवेल-पाणी बघायचं. काम कष्टाचं आहे, पहाटेचं आहे, पण संघाबरोबर प्रवास होतो. ज्याला कोर्टाचा वास सुटत नाही त्याने हे करावं. शिवाय विद्यार्थ्यांचे आपसातले इंट्राम्युरल सामने असतात, तिथे तू पहिल्या आठवड्यापासून खेळशील.

मी इथे शिकायला नाही, नोकरीसाठी आलो. इंडियानातल्याच प्रिन्स्टन गावी टोयोटाचा मोठा कारखाना आहे, त्याच्या आसपास सुट्या भागांचे बरेच कारखाने आहेत. त्यातल्याच एकात आहे. पहिल्या हिवाळ्यात कामावरचे लोक सोडले तर कुणाशी बोलणं नव्हतं. एका सहकाऱ्याने फोर्ड सेंटरचं जास्तीचं तिकीट दिलं म्हणून गेलो. पुढच्या रांगेत एक आजोबा मांडीवर वही घेऊन पेन्सिलीने स्कोअर मांडत होते. बास्केटला आकडा, फाउलला फुली, चुकलेल्या फ्री थ्रोला रिकामा गोल. समोरच्या मोठ्या पडद्यावर सगळं दिसत असताना वही कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, रॉबर्ट्स स्टेडियमपासूनची सवय आहे. मध्यंतरात त्यांनी मला सगळे नियम समजावले. कुठून आलास विचारलं, नाव दोनदा म्हणवून घेऊन बरोबर उच्चारलं. पुढे जानेवारीत कडाक्याच्या थंडीत माझी गाडी सुरू होईना, तेव्हा जंपर केबल घेऊन तेच आले. या गावात ओळख मंडळात किंवा हॉटेलात होत नाही, ती अशी बाकावर होते. पुण्यातल्या कॉलेजांत करंडकाच्या दिवसांत जसं नाटकात नसलेलं पोरही आपल्या कॉलेजसाठी घसा बसवून घेतं, तसंच समज. तू परकी असलीस तरी जांभळा टी-शर्ट घालून बसलीस की बोलायला विषय मिळतो.

आता बाबांचा प्रश्न. विद्यापीठ चांगलं आहे, पण लहान आहे, आणि लहान असण्याची दोन्ही अंगं त्यांना सांग. वर्ग छोटे, प्राध्यापक नावाने ओळखतात, इंग्लंडमध्ये ग्रँथमजवळ हारलॅक्स्टन इथे विद्यापीठाचा स्वतःचा कॅम्पस आहे, तिथे एक सत्र करता येतं. नाट्य विभागाचं मोठं नाव आहे. ऑस्कर मिळवणारा रामी मालेक इथलाच. पण अमेरिकेत लहान खासगी विद्यापीठांवर पैशाचा ताण आहे, आणि इथेही २०२० च्या डिसेंबरात बरेच विषय आणि तीन विभाग बंद करण्याचा मसुदा आला होता. त्या तीन विभागांत इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरचाही होता. मोठा विरोध झाला. तुझा विषय मेकॅनिकल आहे, तरी विभागप्रमुखांना स्पष्ट विचार: किती प्राध्यापक पूर्णवेळ आहेत, गेल्या वर्षीच्या मुलांना इंटर्नशिप कुठे मिळाल्या. असं विचारलं तर इथे कुणाला राग येत नाही. आणि छापील फी बघून घाबरू नका. खासगी विद्यापीठात ती क्वचितच कुणी पूर्ण भरतं. तुला नक्की किती शिष्यवृत्ती, आणि ती चारही वर्षं टिकायला किती जीपीए लागतो, हे दोन्ही कागदावर घ्या. खेळाची शिष्यवृत्ती मिळेल या आशेवर कर्जाचा हिशेब मांडू नका.

गावात बस आहे पण तुटपुंजी. कॅम्पस लिंकन अॅव्हेन्यूवर आहे, फोर्ड सेंटर तिथून गाडीने काही मिनिटांवर. सामन्याच्या दिवशी कुणी ना कुणी जात असतं, त्यांच्याबरोबर जा. न्यूबर्गला हिंदू मंदिर आहे. किराण्याची फार चिंता करू नकोस, पण गोडा मसाला घरूनच आण. आणि हो, एव्हन्सव्हिलचं घड्याळ इंडियानापोलिसच्या एक तास मागे असतं. विमानाचं तिकीट काढताना हे लक्षात ठेव.

माझं मत विचारशील तर मेकॅनिकलसाठी ये. आधी कम्प्लायन्स ऑफिसला आणि मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकांना ईमेल कर, या आठवड्यातच. ईमेलमध्ये उंची, खेळायची जागा, बारावीचं वर्ष आणि चित्रीकरणाचा दुवा एवढंच लिही. कुटुंबाची माहिती आणि मनोगत नको. त्यांचं उत्तर आलं, किंवा दोन आठवड्यांत आलं नाही, तरी मला कळव. मग मॅनेजरच्या कामासाठी कुणाला लिहायचं ते बघू. त्या जागा सत्र सुरू व्हायच्या आधीच भरतात.