'डूलॅली' म्हणजे आपली देवळाली

ब्रिटिश कादंबरीत एका म्हाताऱ्याबद्दल 'ही'ज गॉन डूलॅली' असं वाचलंत. त्याचा अर्थ काय आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये तो शब्द चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

अर्थ सोपा आहे: डोकं फिरणं, भ्रमिष्टासारखं वागणं. पण हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय आणि ते कळलं की त्याची छटा लगेच उमगते.

1861च्या सुमारास देवळालीत ब्रिटिश फौजेची छावणी झाली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे थांबायचे. शिपायांच्या बोटी सुटायच्या त्या थंडीच्या मोसमात. मोसम उलटल्यावर आलेला शिपाई कित्येक महिने अडकलाच. हत्यारं जमा केलेली, कवायत नावापुरती, वर उन्हाळा. मग दारू, हिवताप, गुप्तरोग. घरी जायला निघालेली ती पोरं, त्यांतली काही तिथेच बिथरायची. अशा शिपायाला 'डूलॅली टॅप' झालाय म्हणत. या 'टॅप'चा नळाशी किंवा टकटकीशी संबंध नाही, तो उर्दूतला 'तप', म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळाला आणि गावाचं नाव तेवढं उरलं. देवळाली म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, असंही कुठे कुठे वाचायला मिळतं, पण हा शब्द आला तो या बोटीसाठी ताटकळणाऱ्या शिपायांच्या छावणीतून.

वापराचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा 'गो' किंवा 'गॉन'च्या पाठोपाठ येतो. नामाच्या आधी विशेषण म्हणून लावला की कानाला खटकतो. उच्चारात जोर 'लॅ'वर. माणसांप्रमाणेच बिघडलेल्या यंत्रालाही चालतो: 'द प्रिंटर हॅज गॉन डूलॅली'. शब्द अगदी घरगुती आणि ब्रिटिश आहे, अमेरिकन वाचक बहुधा अडखळेल. त्यामुळे क्लायंटला जाणाऱ्या ईमेलमध्ये नकोच. ओळखीच्या ब्रिटिश सहकाऱ्याला प्रिंटरबद्दल लिहायला हरकत नाही. खरोखरच्या मानसिक आजाराबद्दल किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाबद्दल मात्र कृपा करून वापरू नका, फार लागतं ते.

तुमच्या वाक्याचं मराठी करायचं तर 'म्हातारा चळलाय' नको, त्यात बायकांच्या मागे लागल्याची सूचना येते. 'म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय' बरोबर बसतं.