व्हिक्टोरियन काळातील स्त्रीवादी कादंबऱ्यांनी विवाहाच्या वादात नेमकी कोणती भर घातली?

आपला प्रश्न असा आहे की, इंग्लंडमधील विवाहित स्त्रियांना हक्क मिळाले ते अर्ज, खटले आणि संसदेतील कायदे यांमुळे. मग त्या काळातील कादंबऱ्यांना या वादात एवढे मोठे स्थान का दिले जाते? या कादंबऱ्या मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि माझे मत ठाम आहे. कायद्याला मारहाण दिसत होती, व्यभिचार दिसत होता, बायकोला टाकून देणे दिसत होते. पण यांतले काहीच घडलेले नसताना एखाद्या घरात बाईचे आयुष्य कसे संपते, हे सांगण्याची सोय कायद्याच्या भाषेत नव्हती. ते सांगण्याचे काम कादंबरीने केले.

आधी कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. लग्न होताच स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिची जंगम मालमत्ता, तिची कमाई आणि तिची मुले ही सगळी नवऱ्याची. कॅरोलिन नॉर्टन ही त्या काळातील नावाजलेली लेखिका 1836 मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली, तेव्हा तिला तीन मुलांना मुकावे लागले आणि लेखनातून मिळणाऱ्या पैशांवरही नवऱ्याचाच हक्क राहिला. तिच्या झगड्यातून 1839 चा कायदा झाला. त्याने आईला सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागता येऊ लागला. 1857 च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयातून मिळू लागला, पण पुरुषाला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, तर स्त्रीला पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम काही सिद्ध करावे लागे. ही विषमता 1923 पर्यंत टिकली. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे 1870 आणि 1882 मध्ये आले.

आता ॲन ब्राँटेच्या ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ या 1848 च्या कादंबरीतला एक प्रसंग पाहा. हेलन ही नायिका दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्यापासून लहान मुलाला घेऊन पळून जाण्याचा आणि चित्रे विकून पोट भरण्याचा बेत करत असते. एका संध्याकाळी नवरा तिच्या हातातून रोजनिशी हिसकावून वाचतो, तिच्या कपाटांच्या आणि मेजाच्या किल्ल्या मागून घेतो आणि तिचे रंग, रंगपाटी, कुंचले, वॉर्निश असे सगळे उचलून विस्तवात टाकतो. तेल आणि टर्पेंटाइनमुळे ज्वाळा धुराड्यात उसळतात. मग तो नोकराला बोलावून चित्राची घोडी आणि कॅनव्हास सरपणात घालायला सांगतो, तिचे पैसे आणि दागिने ताब्यात घेतो आणि यापुढे दरमहा थोडी रक्कम हातखर्चाला मिळेल, असे जाहीर करतो. हा प्रसंग वाचताना आपल्याला संताप येतो, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यात त्याने कायद्याविरुद्ध काहीही केलेले नाही. कुंचले त्याचेच होते. कायद्याचे एखादे कलम वाचून जे कळत नाही, ते त्या जळणाऱ्या वॉर्निशच्या वासासह येथे कळते.

याच वादाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावण्याची सोय हिंदू धर्मशास्त्रातली नव्हे, ती इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आली होती. असा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने 1884 मध्ये रद्द केली आणि त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजींनी लहानपणी लग्न झालेल्या आपल्या पत्नीवर, रखमाबाईंवर, नांदण्याचा दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला, पण अपिलानंतर मार्च 1887 मध्ये रखमाबाईंना नवऱ्याकडे जाण्याचा हुकूम झाला, नाहीतर तुरुंग. आपण तुरुंग पत्करू, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शेवटी 1888 मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. लंडनमधील विवाहचर्चा आणि गिरगावातील विवाहचर्चा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मानणाऱ्यांनी ही कायद्याची वाट जरूर तपासावी.

त्याच 1888 च्या ऑगस्टमध्ये मोना केअर्ड या लेखिकेचा ‘मॅरेज’ हा निबंध ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला. त्यातली एक उपमा मला फार मोलाची वाटते. कुत्र्याला जन्मभर साखळीने बांधून ठेवायचे आणि मग साखळीत राहणे हाच त्याचा स्वभाव आहे असे म्हणायचे, तसेच आपण ‘स्त्रीस्वभावा’बद्दल बोलतो, असे ती म्हणते. या निबंधावरून ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने ‘विवाहसंस्था अयशस्वी ठरली आहे का?’ असा प्रश्न वाचकांपुढे ठेवला आणि सुमारे 27,000 पत्रे आली. संसदेतल्या कोणत्याही भाषणाने स्वयंपाकघरात आणि बैठकीच्या खोलीत एवढी चर्चा घडवली असेल, असे मला वाटत नाही.

केअर्डची ‘द डॉटर्स ऑफ डॅनॉस’ ही कादंबरी 1894 मध्ये प्रसिद्ध झाली. गळक्या भांड्यात अनंतकाळ पाणी भरत राहण्याची शिक्षा झालेल्या ग्रीक पुराणातील बहिणींवरून हे नाव घेतले आहे. हेड्रिया ही नायिका संगीतरचना करणारी आहे. तिचा नवरा मारत नाही, दारू पीत नाही, बाहेरख्यालीही नाही. पण पाहुणे, सासरची माणसे, मुले आणि घरकारभार यांतून सलग दोन तास तिला कधी मिळत नाहीत, आणि संगीत तर सलग वेळ मागते. ती घर सोडून पॅरिसला शिकायला जाते, गुरू तिची प्रतिभा ओळखतो. मात्र आईचे दुखणे बळावते आणि तिला परत यावे लागते. कर्तव्य म्हणून ती परतते आणि तिचे संगीत मागे राहते. या नवऱ्यावर कोणता खटला भरणार? 1882 च्या कायद्याने हेड्रियाची कमाई तिची झाली असती, पण कमावण्यासाठी लागणारा वेळ कोणता कायदा देणार होता?

या कादंबऱ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो म्हणजे त्यांच्या नायिका शेवटी हरतात. सेरा ग्रँडच्या ‘द हेवन्ली ट्विन्स’मध्ये, म्हणजे 1893 मध्ये, नवऱ्याच्या पूर्वायुष्याची चौकशी न करता लग्न लावून दिलेली एडिथ त्याच्याकडून झालेल्या उपदंशाने मरते. हेड्रिया परत येते. आक्षेप खरा आहे, पण त्याला दोष म्हणणे मला मान्य नाही. लेखिकांनी नायिकेला खोटा विजय दिला असता, तर हुशार आणि निग्रही बाई परिस्थितीवर मात करतेच, या सोयीच्या समजुतीला त्यांनी हातभारच लावला असता. केअर्डची कादंबरी सुरू होते तीच मुळी या वादाने. माळ्यावर जमलेली भावंडे इमर्सन या अमेरिकन विचारवंताच्या विचारांवर बोलत असतात की, माणसाची इच्छाशक्ती परिस्थितीला नमवते का. आणि हेड्रिया म्हणते की, इमर्सन मुलगी असता, तर परिस्थितीला किती वजन असते हे त्याला कळले असते. आपण ही कादंबरी वाचणार असाल, तर ते पहिले प्रकरण सावकाश वाचा, आणि हेड्रिया परतते तिथे पोहोचल्यावर ते पुन्हा एकदा काढून वाचा.