इंग्लंडच्या राजाची सँड्रिंगहॅम इस्टेट सरकारी आहे का त्याची स्वतःची? ती त्यांच्याकडे आली कशी?

तुम्ही विचारलंय की ब्रिटिश राजघराणं ख्रिसमसला ज्या सँड्रिंगहॅमला जातं ती जागा सरकारी आहे का खासगी, आणि तिचा इतिहास काय. मी लेस्टरला राहतो, तिथून गाडीने साधारण दोन तास, आईबाबा आले होते तेव्हा त्यांना दाखवायला घेऊन गेलो होतो. बाबा रिटायर्ड तलाठी. बाकी लोक लाल विटांच्या घरासमोर सेल्फी काढतायत आणि आमचे बाबा विचारतात, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" तेव्हा हसलो, पण नंतर वाचत बसलो तर निम्म्या भानगडी सातबाऱ्याच्याच निघाल्या.

तर आधी सरळ उत्तर. खासगी आहे. बकिंगहॅम पॅलेस, विंडसरचा किल्ला वगैरे गादीच्या मालकीचे, राजाला ते विकता येत नाहीत. सँड्रिंगहॅम आणि स्कॉटलंडमधलं बालमोरल या दोन मात्र घरच्या जमिनी, आपल्याकडे गावाकडची शेती आणि वाडा असतो ना तसं.

आता आली कशी. १८६२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलासाठी ही विकत घेतली, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, तेव्हा जेमतेम विशीतला. पोरगं लंडनमध्ये वाया चाललंय, कुठेतरी लांब खेड्यात शेतीवाडी घेऊन दिली तर सुधारेल असा आईबापाचा हिशोब. बाप, प्रिन्स अल्बर्ट, डिसेंबर १८६१ मध्येच वारला पण जागा बघायचं त्याने सुरू करून ठेवलं होतं. पैसे कुठून आले तर युवराजाच्या नावाने जी कॉर्नवॉलची जहागीर असते तिचं उत्पन्न तो सज्ञान होईपर्यंत बापाने नीट साठवलं होतं, त्यातून २,२०,००० पौंड मोजले आणि ७,००० एकरांहून थोडी जास्त जमीन मिळाली. विकणारा कोण, तर त्या वेळचे पंतप्रधान पामर्स्टन यांचा सावत्र मुलगा! बाबा म्हणाले यात काहीतरी सेटिंग असणार. मी काही बोललो नाही, किंमत तेव्हाही लोकांना जास्तच वाटली होती.

पोरगं सुधारलं का, तर नाही. जुनं घर पाहुण्यांना पुरेना म्हणून पाडलं आणि १८७० मध्ये आत्ताचं घर बांधून झालं. मग तिथे शिकारीच्या पार्ट्या, पत्ते, मेजवान्या, लंडनची सगळी मंडळी ट्रेनने इकडेच यायला लागली. वुल्फर्टन नावाचं छोटं स्टेशन होतं, १८६२ लाच सुरू झालेलं, शंभर वर्षं शाही पाहुणे तिथेच उतरायचे, १९६९ मध्ये लाइनच बंद झाली. १८९१ मध्ये एडवर्डच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या जरा आधी घराला आग लागली, वरचा मजला बराच जळला, पण डागडुजी करून वाढदिवस तिथेच केला म्हणे.

हा एडवर्ड मुंबईकरांना चांगला माहितीय बरं का, फक्त नावाने नाही. १८७५ मध्ये युवराज असताना तो मुंबईला आला होता, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावरचा पुतळा दिला, तोच काळा घोडा! १९६५ मध्ये तो पुतळा तिथून काढून राणीच्या बागेत नेला पण नाव राहिलं ते राहिलंच. आणि त्या दौऱ्यात आपल्या राजेमहाराजांनी ज्या तलवारी, कट्यारी, ढाली नजर केल्या त्यातल्या बऱ्याच या घराच्या बॉलरूमकडे जाणाऱ्या कॉरिडॉरमध्ये भिंतीवर लावल्या. आई तिथे बराच वेळ उभी होती.

आता माझा आवडता भाग, घड्याळं. एडवर्डला शिकारीचं वेड, आणि सँड्रिंगहॅम ज्या नॉरफोक परगण्यात आहे तिथे हिवाळ्यात चार वाजले की अंधार. मग याने काय केलं, इस्टेटीवरची सगळी घड्याळं अर्धा तास पुढे करून टाकली, म्हणजे सगळे लवकर उठणार आणि उजेडात जास्त वेळ बंदुका चालणार. याला सँड्रिंगहॅम टाइम म्हणायचे. त्याची बायको राणी अलेक्झांड्रा कायम उशिरा तयार व्हायची म्हणून केलं असंही लोक सांगतात. गंमत म्हणजे मुंबईनेही आपला वेगळा बॉम्बे टाइम भारताच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे असा कितीतरी वर्षं चालवला, पण तो हट्ट शहराचा होता, इथे एका माणसाची हौस. त्याच्या मुलाने, पाचव्या जॉर्जनेही तो तसाच चालू ठेवला.

हा पाचवा जॉर्ज म्हणजे ज्याच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून आपलं गेटवे ऑफ इंडिया बांधलं तो. अर्ध्या जगाचा सम्राट, आणि राहायचा कुठे, तर याच इस्टेटीतल्या यॉर्क कॉटेज नावाच्या छोट्या घरात. लग्नात, १८९३ ला, वडिलांनी दिलं होतं. १९१० मध्ये वडील गेले, हा राजा झाला, पण मोठ्या घरात विधवा आई राहत होती आणि ती हयात असेपर्यंत, म्हणजे १९२५ पर्यंत हा बायको, मुलं, नोकर, सेक्रेटरी सगळ्यांना घेऊन त्या कोंदट कॉटेजमध्येच. आईला ऊठ म्हणायची हिंमत राजालाही नाही, हे ऐकून आमच्या आईला राजघराणं एकदम आपलं वाटायला लागलं. सहापैकी पाच मुलं त्या कॉटेजमध्ये जन्मली. सगळ्यात धाकटा जॉन, त्याला फिट्स यायच्या, त्याला शेवटी इस्टेटीतल्याच वुड फार्मवर वेगळं ठेवलं होतं आणि तिथेच १९१९ मध्ये तेराव्या वर्षी गेला. याबद्दल लोक राजाराणीला अजून नावं ठेवतात. मला नीट ठरवता येत नाही, त्या काळी या आजाराची लाज सगळीकडेच होती.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण इस्टेट म्हटलं की फक्त राजेराण्याच आठवतात. पहिल्या महायुद्धात इथले माळी, शिकारखान्याचे रखवालदार, शेतावरचे गडी यांची सैन्यात एक वेगळी तुकडी होती, त्यांचा कॅप्टन फ्रँक बेक म्हणजे इस्टेटीचा कारभारीच, वय पन्नाशीच्या पुढे, जायची सक्ती नव्हती तरी गेला. १२ ऑगस्ट १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत ही माणसं पुढे गेली आणि त्यातली बरीच परत आलीच नाहीत. पुढे कुणीतरी उठवलं की एक ढग खाली आला आणि त्यांना गिळून गेला, यूट्यूबवर अजून चालतं ते. प्रत्यक्षात १९१९ मध्ये त्याच भागात त्यांच्या बटालियनच्या शंभरावर सैनिकांचे अवशेष सापडले होते. ढगबिग काही नाही, तुर्की गोळ्या.

१९३२ च्या ख्रिसमसला पाचव्या जॉर्जने इथूनच रेडिओवर पहिलं भाषण केलं, ते लिहून दिलं होतं मुंबईत जन्मलेल्या लेखक रुडयार्ड किपलिंगने. राजा गेला तोही इथेच, २० जानेवारी १९३६ ला रात्री. पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये बाहेर आलं की डॉक्टरनेच मॉर्फिन आणि कोकेनचं इंजेक्शन देऊन शेवट जवळ आणला, आणि एक कारण असं की बातमी सकाळच्या मोठ्या पेपरात यावी, संध्याकाळच्या फुटकळ पेपरात नको. डॉक्टरच्या स्वतःच्या नोंदीत आहे हे! नवा राजा आठवा एडवर्ड, त्याने काय केलं तर लगेच सगळी घड्याळं पूर्ववत करायला लावली.

आणि इथे परत सातबारा. या आठव्या एडवर्डने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉलिस सिम्प्सन या घटस्फोटित अमेरिकन बाईशी लग्न करायचं म्हणून गादी सोडली. गादी आपोआप धाकट्या भावाकडे, सहाव्या जॉर्जकडे गेली. पण सँड्रिंगहॅम आणि बालमोरल गादीचे नव्हतेच, बापाकडून याला मिळालेले होते, ते कसे जातील? शेवटी नव्या राजाला थोरल्या भावाकडून दोन्ही जागा पैसे देऊन सोडवून घ्याव्या लागल्या, आणि या पैशांवरून दोघांत जे वाजलं ते पुढेही मिटलं नाही. बाबा एवढे खूश झाले ना, म्हणाले भाऊबंदकी सगळीकडे सारखीच, फक्त इथे तहसीलदार नव्हता.

सहावा जॉर्ज यॉर्क कॉटेजमध्येच जन्मला होता आणि ६ फेब्रुवारी १९५२ ला सँड्रिंगहॅमलाच झोपेत गेला, आदल्या दिवशी सशांच्या शिकारीला जाऊन आला होता. मुलगी एलिझाबेथ तेव्हा केनियात. म्हणून ती राणी पुढे साधारण दरवर्षी ख्रिसमसला आली की ६ फेब्रुवारी होईपर्यंत इथेच राहायची. शेती मात्र नवऱ्याने, प्रिन्स फिलिपने बघितली. आज सगळं मिळून सुमारे २०,००० एकर आहे, म्हणजे घेतली त्याच्या जवळपास तिप्पट, त्यात गावं आहेत, भाड्याची घरं आहेत, सफरचंदाच्या बागा आहेत. अशाच एका भाड्याच्या घरात, पार्क हाउसमध्ये, १९६१ ला चार्ल्सची पहिली बायको डायना जन्मली. २०२२ मध्ये एलिझाबेथ गेल्यावर सगळं तिच्या मुलाकडे, राजा चार्ल्सकडे आलं. राजाकडून राजाकडे जाणाऱ्या वारशावर टॅक्स लागत नाही, १९९३ ला सरकारशी तसं ठरलंय. म्हणजे मालमत्ता खासगी पण सवलत गादीची, हे मला तरी पटत नाही.

जायचं असेल तर उन्हाळ्यात जा, हिवाळ्यात ते लोक स्वतः असतात तेव्हा घर बंद असतं. घर लोकांना बघायला १९७७ पासून खुलं आहे, तिकीट आहे. बाजूच्या कंट्री पार्कच्या जंगलात फिरायला पैसे नाहीत, फक्त पार्किंगचे घेतात. यॉर्क कॉटेज आत जाऊन बघता येत नाही, तिथे आता इस्टेटीचं ऑफिस आहे. बाबा म्हणाले बरोबर आहे, रेकॉर्ड तिथेच असणार.