मुंबईत लग्न जमण्यासाठी मुलाचा पगार किती असावा?

तुम्ही लिहिलंय की पॅकेज सहा लाखांचं आहे, आईवडिलांसोबत भाड्याच्या घरात राहता आणि मुलीकडचे पगार विचारून मागे फिरतात. माझ्या मते इथे पगारापेक्षा घर आडवं येतंय.

आधी पगार बघू. मूळ पगार पॅकेजच्या निम्मा, म्हणजे महिना 25 हजार धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 1,200 पॅकेजमध्येच मोजलेले असतात. तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी 3,000, व्यवसाय कर 200. हातात येतात साधारण 42,600. व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर अवलंबून मिळणारा भाग, असेल तर आणखी कमी. बायोडाटात ‘सहा लाख’ वाचून समोरचे महिन्याला पन्नास हजार धरतात. खरा आकडा बैठकीत निघाला की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. म्हणून हातात येणारी रक्कमच लिहा, चालू कर्जाचे हप्तेही लिहा.

आता 50 लाखांचा वन बीएचके घ्या. बँक 80 टक्के देते, म्हणजे 40 लाख. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे 34,700. घरखर्चाला आठ हजारही उरत नाहीत. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास राहावेत असं बँका साधारण बघतात, त्यामुळे तुम्हाला एकट्याला 24-25 लाखांपर्यंतच कर्ज मिळेल. वर स्वतःचे 10 लाख आणि मुद्रांक शुल्क, नोंदणीचे तीन-साडेतीन लाख वेगळेच. तिशीच्या आतल्या मुलाने हे एकट्याने उभं करावं, ही अपेक्षा मला खरंच अन्यायाची वाटते.

मुलगी 35 हजार कमावत असेल तर सहकर्जदार म्हणून तिचा पगारही धरतात आणि तोच 34,700 चा हप्ता बसतो. मग घरही दोघांच्या नावावर हवं. हे पहिल्या-दुसऱ्या भेटीतच बोला, मध्यस्थामार्फत नको, थेट मुलीशी. लग्नानंतर नोकरी चालू ठेवायची का, ऑफिस कुठे, तिच्या माहेरी पैसे द्यावे लागतात का, हे विचारा आणि तुमच्या आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्चही सांगा.

घराची जागा मात्र तिची नोकरी बघून ठरवा. ऑफिस अंधेरीत आणि घर बदलापुरात असेल तर दादरला गाडी बदलून जाण्यायेण्यात रोज चारेक तास जातात. मूल झालं की अशा वेळी बहुतेकदा तिचीच नोकरी सुटते, आणि हप्ता तर दोघांच्या पगारावर बेतलेला असतो.