बाबांना कुणी विचारलंय का?

“ताई, माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. स्वादुपिंडाचा कॅन्सर आता लिव्हरमध्ये पसरलाय. डॉक्टरांनी केमो थांबवली आणि वारज्याच्या पॅलिएटिव्ह केअर सेंटरला, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करतात तिथे, न्या म्हणाले. आत्या म्हणते, ‘जन्मदात्याला मरायला नेऊन टाकतेस?’ दादा नाशिकहून फोनवर म्हणतो, अजून एखादा डॉक्टर बघू. सवय लागेल या धास्तीने आई दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी होता होईल तो लांबवते. बाबा रात्रभर कण्हतात. त्यांना आम्ही ‘लिव्हरला सूज आहे’ एवढंच सांगितलंय. मी काय करू?
– एक मुलगी, पुणे”

बाळा,

आधी गोळीचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून तर डॉक्टर घड्याळ लावून द्यायला सांगतात. दुखायला लागल्यावर देऊ म्हटलं, की दुखणं पार चढून बसतं आणि मग त्याच गोळीने ते आटोक्यात येत नाही. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणारा माणूस सहसा व्यसनी होत नाही, आणि त्याने मरणही अलीकडे येत नाही. हे आईला तुझ्याकडून नको, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्यामुळे पोट साफ राहायचं औषध सोबत हवंच. सुरुवातीला थोडी गुंगी येते, मळमळतं. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना विचारूनच. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे आपल्याकडे मॉर्फिन मिळणं फार अवघड होऊन बसलं होतं. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी आजही कितीतरी घरांपर्यंत ते पोचत नाही. तुमच्या घरात ते आहे आणि बाबा कण्हताहेत, हे मला वाचवेना.

आता सेंटरचं. वारज्याचं सेंटर १९९७पासून चालू आहे. पेशंटकडून पैसे घेत नाहीत. घरचं माणूस सोबत राहू शकतं, आणि त्रास आटोक्यात आला की पुष्कळ पेशंट घरी परततात. ‘नेऊन टाकणं’ यात कुठे बसतं? आपल्याकडे हे काही कालपरवाचं खूळही नाही. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६मध्ये सुरू झालं. ते देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण. आत्यांशी वाद घालू नकोस. त्यांना एकदा तिथे घेऊन जा, सिस्टरशी बोलू दे.

आणि आत्यांचा राग समजून घे. भाऊ जेवत नाही म्हणून त्या शिऱ्याची वाटी घेऊन बसत असतील, ‘दोनच घास’ म्हणून मागे लागत असतील. या आजारात पुढे पुढे भूकच मरते. बळेबळे भरवलं तर उलटी होते, ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. न खाल्ल्यामुळे आजार वाढत नाहीये, आजारामुळे खाणं सुटलंय. हे बहिणीच्या गळी उतरणं कठीण आहे. म्हणून त्यांच्या हाताला दुसरं काम दे. स्वच्छ मऊ कापड पाण्यात भिजवून बाबांचे ओठ, जीभ, हिरड्या हलक्या हाताने टिपायच्या, ओठांना व्हॅसलिन लावायचं. कोरड पडलेल्या तोंडाला याने किती बरं वाटतं, ते त्यांना बाबांच्या चेहऱ्यावरच दिसेल.

पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. आत्या काय म्हणते, दादा काय म्हणतो, आईला काय वाटतं, सगळं आहे. बाबा काय म्हणतात, ते कुठेच नाही. केमोच्या खुर्चीत बसून, आजूबाजूचे पेशंट बघून आलेल्या माणसाला ‘सूज’ पटली असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून बहुतेक तेही गप्प आहेत. एकदम सगळं सांगून मोकळी होऊ नकोस. दुखणं उतरलेलं असेल अशा वेळी जवळ बस आणि विचार, “बाबा, तुम्हाला काय वाटतंय तब्येतीचं? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय का?” ते “तुम्हीच बघा” म्हणाले तर तेही उत्तरच आहे, मग खोदू नकोस. विचारलं त्यांनी, तर खोटं बोलू नकोस. कदाचित त्यांना गावी जाऊन यायचं असेल, कुणाशी तुटलेलं बोलणं जोडायचं असेल, बँकेचं काही सांगायचं असेल. “मला घरीच राहायचंय” म्हणाले, तर सेंटरला घरी येऊन मिळणाऱ्या सेवेबद्दल विचार.

दादाला फोनवर समजावत बसू नकोस. दोन दिवस येऊन राहा म्हणावं, एक रात्र बाबांजवळ काढू दे आणि डॉक्टरांना समोरासमोर भेटू दे. दुसरं मत हवं तर रिपोर्ट आणि स्कॅन घेऊन त्याने जावं. बाबांना गाडीत घालून फिरवू नका.

घरीच ठेवायचं ठरलं, तर दोन गोष्टी आत्ताच ठरवून ठेवा. रात्री-अपरात्री दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा, आणि शेवटी घरी येऊन मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील. हे विचारणं अशुभ नाही. ते ठरलेलं नसलं, की ऐनवेळी घाबरून माणसं अॅम्ब्युलन्स बोलावतात आणि ज्या आयसीयूत जायची कुणाचीच इच्छा नव्हती तिथेच पेशंट पोचतो. डॉक्टरांचे नंबर, चालू औषधं आणि शेवटचे रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेव, आणि ती फाईल कुठे आहे ते आईलाही माहीत असू दे.

– तुझी ताई