पोरगं ‘कायनेस्थेटिक’ निघालं, मग व्हीआरची फी भरायची का?

प्रश्न: नमस्कार ताई, मुलगा आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे. एका खासगी क्लासवाल्यांनी त्याची ऑनलाइन टेस्ट घेतली नि म्हणाले हा ‘कायनेस्थेटिक लर्नर’, म्हणजे हाताने करूनच शिकणारा, वाचून-ऐकून याला काही जमणार नाही, हेडसेट लावून व्हीआरवरच (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांपुढे उभं केलेलं आभासी जग) शिकवावं लागेल. फी दणदणीत आहे. आणि तेव्हापासून हा थिअरीचं पुस्तक उघडेना, म्हणतो ती माझी स्टाईलच नाही! काय करू? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: दादा, आधी ते लेबल काढून टाका. बघून, ऐकून, वाचून, हाताने करून शिकणारे अशी जी वाटणी आहे ना, ती न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी 1987 च्या सुमारास मांडली आणि जगभर गाजली. पण 2008 मध्ये पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन चाळून एकच साधी गोष्ट शोधली, ज्याची जी स्टाईल त्याला तसंच शिकवलं तर तो खरंच जास्त शिकतो का. तर तसा धड पुरावा मिळालाच नाही. आवड असते हो प्रत्येकाची, पण आवडीचं म्हणजे फायद्याचंच असं नाही. आणि वेल्डिंग काय, सगळ्यांनाच हाताने करूनच येतं, त्याला टेस्ट कशाला हवी?

आता व्हीआर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. 2002 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात 16 शिकाऊ सर्जन घेऊन प्रयोग झाला होता, निम्म्यांना पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी व्हीआर सिम्युलेटरवर, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल करणाऱ्या मशीनवर, सराव दिला, तर खऱ्या ऑपरेशनमध्ये बाकीच्यांच्या चुका त्यांच्या सहापट निघाल्या. हाताचं काम, चूक महागाची आणि लगेच कळतंय कुठं चुकलं, अशा ठिकाणी हे तंत्र कामाचं. वेल्डिंग त्यातच बसतं. वेल्डिंगच्या टॉर्चचा कोन किती, हात किती वेगाने सरकतोय, आर्क (वेल्डिंगची विजेची ठिणगी) लांब पडतोय का, हे मशीन तिथल्या तिथे दाखवतं, आणि रॉड-प्लेट काही वाया जात नाही. फक्त खरी धग, धूर, अंगावर उडणाऱ्या ठिणग्या तिथे नसतात, त्यामुळे शेवटी बूथमध्ये उभं राहावंच लागतं, त्याला सुटका नाही.

थिअरीचं उलटं आहे बघा. डेन्मार्कमध्ये मक्रान्स्की या संशोधकांच्या टीमने विज्ञानाच्या लॅबचा एकच धडा काहींना साध्या स्क्रीनवर नि काहींना हेडसेटमध्ये दिला, 2019 चा पेपर आहे, हेडसेटवाल्यांना आपण अगदी तिथेच आहोत असं वाटलं पण शिकले मात्र कमी, कारण डोक्यावर ताण जास्त पडला. म्हणजे कुठला रॉड कशाला, करंट किती ठेवायचा, हे पोराने पुस्तकातूनच करावं, वाचून झालं की पुस्तक मिटून स्वतःला विचारायचं, नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते जास्त टिकतं.

क्लासवाल्यांना विचारा, हेडसेटनंतर खऱ्या प्लेटवर किती तास देता? बीड, म्हणजे वेल्डिंगची पडलेली रेघ, तपासायला माणूस कोण? चक्कर-मळमळ झाली तर काय, होते ती बऱ्याच जणांना. आणि आधी आयटीआयच्या सरांना विचारून बघा, काही ठिकाणी सिम्युलेटर असतो तिथेच. पुन्हा ‘त्याच्या स्टाईलला सूट होतं’ एवढंच उत्तर आलं तर पैसे भरू नका, त्या पैशात रॉड आणि प्लेटा घेऊन द्या सरावाला.